साडूच्या एकोणीस चुका

बुधवार, ३१ जानेवारी

घशाच्या डॉक्टरने आज माझं तोंड बंद केलं. स्वरतंतूंना सूज आहे. तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. कवळ्या बनवणाऱ्या माणसाला एवढं बोलावं लागतं कुठे, असं त्याने विचारलं. प्रश्न बरोबर होता. लॅबमध्ये माझ्यासमोर दिवसभर तोंडंच असतात, पण सगळी प्लास्टरची. म्हणून मी कागदावर लिहून दिलं: दर रविवारी दुपारी तीन ते सात आमच्याकडे खेळ असतो. चौघे टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं. मी सूत्रधार. जग मी सांगतो. त्यात आपलं पात्र काय करणार ते ज्याने त्याने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो.

डॉक्टरने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "आणि या चार तासांत बाकीचे काय करतात?"

मी लिहिलं, "ऐकतात."

अकरा वर्षं झाली खेळाला. एक राज्य, सात प्रांत, चौदा फायली. प्रत्येक घाटाची उंचीसुद्धा लिहून ठेवलेली आहे. आता तीन आठवडे सगळं बंद. ही घरी येताना म्हणाली, "बंद कशाला? तुझा साडू म्हणत होता, मी चालवून बघू का." साडू म्हणजे मेहुणीचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करणारा. सात वर्षं माझ्या टेबलावर खेळतोय आणि अजून त्याला फाशांची बेरीज बोटांवर करावी लागते. मी पाटीवर 'नाही' लिहीपर्यंत हिने फोनवर 'हो' सांगून टाकलं होतं.

सूत्रधाराने सुधारायचं असेल तर नोंदी ठेवाव्यात, असं कुठेतरी वाचलं होतं. म्हणून ही वही. त्याच्या खेळातून कसं करू नये ते शिकता येईल.

रविवार, ४ फेब्रुवारी

तो एक घडी घातलेला कागद आणि खिसाभर बटणं घेऊन आला.

बटणं. माझ्या कपाटात एकशे साठ पुतळे आहेत, लॅबमधल्या उरलेल्या प्लास्टरचे, हाताने रंगवलेले, राक्षसांचे दात प्रत्येकी वेगळे. त्याने कपाट उघडलंसुद्धा नाही. पांढरं बटण म्हणजे पहारेकरी, कोटाचं मोठं बटण म्हणजे वेशीचं दार. माझ्या खुर्चीत बसला. माझा तीन घड्यांचा पुठ्ठा, ज्याच्या आड मी फासे टाकतो, तो त्याने मिटून सोफ्यामागे ठेवला. म्हणाला, "हा उभा केला की मला तुम्ही कोणी दिसत नाही."

त्याची गोष्ट म्हणजे एक नदी, अलीकडे एक गाव आणि पलीकडच्या काठावर रोज संध्याकाळी लागणारा एक दिवा. पलीकडे धक्का नाही, खाली खोल पाणी. तिकडे गेलेला माणूस परत येत नाही. बस, एवढंच. गावाचं नाव विचारलं तर म्हणाला, "तुम्हीच ठेवा." त्याला एकच वाक्य येतं: "मग, तू काय करतोस?" खेळाच्या वेळी तो सगळ्यांना अरेतुरे करतो. माझ्या बायकोला, जिला एरवी ताई म्हणतो, तिलासुद्धा.

तळमजल्यावरचा कंपाउंडर माझ्या खेळात डोळे मिटून बसतो. चित्र चांगलं दिसतं म्हणतो. आज चार तासांत त्याचे डोळे एकदाही मिटले नाहीत. त्याने पहारेकऱ्याला छत्री विकली. सात वाजले तरी कोणी उठेना. चहा तसाच गार झाला, आणि हा चहा मी केला होता.

चुका मोजल्या. चार.

सोमवार, ५ फेब्रुवारी

ही भांडी विसळताना एकटीच हसत होती. मी पाटीवर विचारलं, काय झालं? म्हणाली, "त्या छत्रीचं आठवलं." अकरा वर्षांत माझ्या खेळातलं काही आठवून ही सोमवारी हसल्याचं मला स्मरत नाही. चौथ्या फायलीतला राज्याभिषेक तर मी पंचेचाळीस मिनिटं वाचला होता.

मला वाईट वाटलं असं नाही. माझं पोट दुखलं.

रविवार, ११ फेब्रुवारी

साडू म्हणाला, "दादा, नुसते बसू नका, एखादं पात्र घ्या." घेतलं. आतून चुका जास्त चांगल्या दिसतात. बोलायची बंदी आहे, म्हणून मुका नावाडी घेतला. शिवाय पाटीवर एक अट लिहिली: नावाडी होडीतून कधीच उतरत नाही. माझा हिशेब सरळ होता. सगळे पलीकडे जाणार, हा मध्येच पाण्यात बसणार, आणि सूत्रधाराची पंचाईत होणार. माझ्या खेळात असं कोणी केलं असतं तर मी वादळ आणून त्याला काठावर फेकला असता.

साडूने पाटी वाचली आणि विचारलं, "का उतरत नाही?"

मला काय माहीत? मी खांदे उडवले.

"माहीत नाही, की सांगायचं नाही?" त्याने बाकीच्यांना विचारलं.

मेहुणी म्हणाली, "सांगायचं नाही. बघा ना, त्या काठाकडे बघतसुद्धा नाहीत भाऊजी." मी खरं तर त्या वेळी त्याच्या कागदावर काय लिहिलंय ते चोरून बघत होतो. दिसलं नाही.

"मग नावाड्या," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तू काय करतोस?" मला. घरी 'दादा, तुम्ही' करणारा माणूस. मी पेन्सिल उचलून वल्ह्यासारखी धरली आणि काठाकडे पाठ करून वल्हवायला लागलो. उलटा बसून. आपण जिथून निघालो तेवढंच दिसेल, पुढचं दिसणार नाही, असा बसलो. कंपाउंडर म्हणाला, "अरे बापरे." मग मी प्रत्येक उतारूकडून एक एक वस्तू मागितली, तळहात पुढे करून. हिने कानातलं काढून दिलं, खरोखरचं. मी ते टेबलाच्या कोपऱ्यावर, म्हणजे होडीच्या टोकाला ठेवलं. का ते मलाही कळलं नाही, पण नावाडी प्रत्येकाची एक वस्तू ठेवून घेतो, म्हणजे माणूस परत आला तर ओळखता येईल. आजवर कोणी एकही परत नेलेली नाही. होडी जड होत चाललीय. हे मी दाखवलं नाही, आता लिहिताना सुचलं.

हे सगळं निरीक्षणासाठी. चुका नऊ. मागच्या वेळी पलीकडची घंटा तीनदा वाजली होती, आज पाचदा वाजली.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

स्वतःच्या सुधारणेकडेही लक्ष दिलं. राज्याभिषेक तीस मिनिटांवर आणला. आरशासमोर हातवाऱ्यांचा सराव केला.

जेवणाच्या सुट्टीत एक होडी केली. प्लास्टर पाण्याच्या प्रसंगात शोभत नाही, म्हणून कवळीच्या हिरड्या करतात त्या गुलाबी मटेरियलची केली. टोकाशी वस्तू ठेवायला छोटा कप्पा, आणि वल्हं बोटभर. पॉलिश करता करता सुट्टी संपून पाऊण तास झाला होता. लोकांना बटणं बघावी लागतात याची मला लाज वाटते, दुसरं काही नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी

होडी बघून साडूने टाळी दिली. "दादा, ही नसती तर आज माझं काही खरं नव्हतं," म्हणाला. गोड बोलायला पैसे पडत नाहीत.

आज एक प्रकार झाला. बाकीचे दोघे पलीकडे उतरले आणि ही, म्हणजे हिची तलवारवाली, होडीत मागे राहिली. नावाड्याशी बोलत बसली. लढाया, मेलेला भाऊ, कुठे थांबावं ते कळत नाही, असं काय काय. वीस मिनिटं बोलली. मी नुसतं पेन्सिलीने पाणी मागे सारत होतो. शेवटी म्हणाली, "तू ऐकतोस म्हणून बरं वाटतं." साडू मध्ये एक अक्षर बोलला नाही. हाताची घडी घालून बसला होता, जसं काही हे त्यानेच घडवलं.

नोंद: दोन पात्रांचा संवाद फार लांबला, सूत्रधाराने आवरायला हवा होता. चूक क्रमांक तेरा.

जाताना कंपाउंडर साडूला म्हणाला, "आता तुम्हीच चालवा हो कायमचं." थट्टेत म्हणाला. मी चपला सरळ लावत होतो, त्याला वाटलं मला ऐकू येत नाही. बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, असं लोकांना वाटतं. जिन्यावरून त्यांचं हसणं ऐकू येत राहिलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बुधवार, २१ फेब्रुवारी

सूज उतरली. डॉक्टरने दिवसाला दहा मिनिटं परवानगी दिली. घरी सांगितलं नाही. दहा मिनिटं कुठे खर्च करायची ते ठरवायचं आहे.

रविवार, २५ फेब्रुवारी

आजचं नीट लिहितो.

होडी पलीकडे पोहोचली. साडू म्हणाला, "काठावर एक बाई उभी आहे. हातात दिवा. रोज लागतो तो हाच. ती बाकी कोणाकडे बघत नाही. नावाड्या, ती तुझ्याकडे बघतेय. म्हणते, इतकी वर्षं माणसं आणून सोडतोस, एकदाही उतरला नाहीस. आज तरी उतर."

खोलीत चिडीचूप. मेहुणीने ओठांवर बोट ठेवलं होतं. मी पेन्सिल खाली ठेवली.

"मग?" साडू हळू म्हणाला. "तू काय करतोस?"

मी त्या चौघांकडे बघितलं. अकरा वर्षं मी या टेबलावर राजे मारले, शहरं जाळली, आणि अशी शांतता मला एकदाही मिळाली नाही. ह्याला मिळाली, चार रविवारांत, बटणांवर. तेव्हा मी तोंड उघडलं. तीन आठवड्यांनी पहिलं वाक्य बोललो: "पलीकडे धक्का नाही, खाली खोल पाणी आहे, असं तूच पहिल्या दिवशी सांगितलं होतंस. मग ही बाई उभी कशावर आहे?"

आवाज परत आल्याचं कौतुक करायचंही कोणाला सुचलं नाही. साडू म्हणाला, "हो का? असेल, चुकलं असेल." तिथे थांबायला हवं होतं. मी वही काढली आणि सगळ्या चुका वाचून दाखवल्या, क्रमांक देऊन. घंटा तीनदा की पाचदा. पहारेकरी आधी डावखुरा, मग उजव्या हाताचा. एकूण एकोणीस. माझी दहा मिनिटं पुरली.

तो आधी हसण्याचा प्रयत्न करत होता. सातव्या-आठव्याला त्याने बटणं गोळा करायला सुरुवात केली. एकोणिसाव्याला कागद चुरगळून खिशात घातला. "खरंय दादा," म्हणाला, "मला नाही जमत हे. तुमचं तुम्ही सांभाळा." माझ्या खुर्चीतून उठला, आणि उठताना खुर्ची नीट आत सरकवली.

सोमवार, २६ फेब्रुवारी

मी बोललो ते सगळं खरं होतं. एकही चूक त्याला खोडता आली नाही.

ही बोलत नाही. आता बोलायची बंदी तिला झाल्यासारखी वागते.

रविवार, ३ मार्च

माझी खुर्ची, माझा पुठ्ठा, माझा आवाज. साडू आला नाही, लिफ्टचं काम निघालं म्हणे. मेहुणी आली.

मी सुधारलेलो आहे. वर्णन अर्ध्यावर आणलं होतं. घाटात दरोडेखोर आले तेव्हा मी थांबलो, पुढे वाकलो आणि अगदी त्याच्यासारखं विचारलं, "मग, तुम्ही काय करता?"

तिघेही माझ्याकडे बघत राहिले. परीक्षेत प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आल्यासारखे. शेवटी ही म्हणाली, "तूच सांग ना. फायलीत काय आहे?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. मी फाईल बघून सांगितलं.

पावणेसहाला कंपाउंडरने डोळे उघडले, "छान झालं" म्हणाला आणि गेला. मला सगळं परत मिळालंय. मग आज पोट कशाने दुखतंय ते कळत नाही.

गुरुवार, ७ मार्च

एका आजोबांची कवळी तिसऱ्यांदा परत आली. मापं सगळी बरोबर आहेत, पण त्यांना चावता येत नाही. मी पूर्वी वाद घालायचो. आज त्यांना विचारलं, कुठे टोचतंय ते तुम्हीच सांगा. त्यांनी बोट ठेवलं तिथे जरासं घासलं, आणि ते बिस्किट खाऊन दाखवून गेले.

नंतर दुपारभर नावाड्याचा विचार. तो का उतरत नाही? ती बाई कोण? मेहुणीला बायको वाटते, हिला आई वाटते, असं मी हळूच विचारून घेतलं. दोघी चूक असणार. खरं साडूच्या कागदावर आहे. चौदा फायली माझ्याकडे आहेत आणि मला हवं ते त्याच्या चुरगळलेल्या कागदावर. म्हणजे आता त्याच्या खिशाचाही हेवा करायची पाळी आली.

शनिवार, ९ मार्च

त्याला भेटलो. एका उंच इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मोटरची खोली असते, तिथे होता. हात ग्रीसने काळे. "बसा," म्हणाला. बसायला जागा नव्हती.

मी सरळ विचारलं, "ती बाई कोण होती?"

"कोण बाई?"

"दिवा घेतलेली. नावाडी उतरला असता तर पुढे काय होतं?"

त्याने दोराला हात लावून बघितला आणि म्हणाला, "मला काय माहीत? तुम्ही उतरला असतात तर कळलं असतं."

मला वाटलं टोलवतोय. म्हटलं, कागदावर लिहिलेलं असेल ना. त्याने कामाच्या पँटच्या खिशात हात घातला. कागद अजून तिथेच होता. उघडून माझ्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं: नदी. दिवा. सगळ्यांना विचारायचं.

पाठीमागे कोरा.

"वस्तू ठेवून घेणं, उलटं बसणं, न उतरणं, सगळं तुमचं होतं दादा," तो म्हणाला. "मी आठवडाभर लिफ्टमध्ये वर-खाली करताना तेच डोक्यात घेऊन फिरायचो. म्हटलं, एवढा मोठा सूत्रधार माझ्या टेबलावर बसून असा खेळतोय. आणि तुम्ही चुका लिहीत होतात."

मी म्हटलं, उद्या ये. "नको," म्हणाला. "तुमच्यासमोर आता माझी बोबडी वळते." मग मोटर सुरू केली. त्या आवाजात काही बोलता येत नाही.

ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. मी जे मोडलं त्याची दुसरी प्रत नाही.

उतरताना त्याचीच लिफ्ट होती. एक हिसका बसला नाही. तेही डोळ्यांत खुपलं.

रविवार, १० मार्च

मेहुणीने त्याला आणलं. ओढूनच. तो सोफ्याच्या टोकावर बसला, मोबाइल हातात.

मी पुठ्ठा सोफ्यामागे ठेवला आणि स्टुलावर बसलो. खुर्ची रिकामी. म्हटलं, "मागे काय झालं ते मी सांगतो." हिने चमकून बघितलं, कारण तिला वाटलं, राज्याभिषेक. मी गुलाबी होडी टेबलावर ठेवली.

नदीपासून सुरुवात केली. वही उघडली नाही. तिच्यात फार काय काय लिहिलंय. सगळं पाठ होतं. घंटेपाशी आलो तेव्हा म्हणालो, "पहिल्यांदा तीनदा वाजली, मग पाचदा. कारण मधल्या आठवड्यात दोन माणसं पलीकडे गेली होती." कंपाउंडर सरसावून बसला. "आणि तो पहारेकरी," तो म्हणाला, "छत्री धरायला लागली म्हणून तलवार दुसऱ्या हातात." मी म्हटलं, बरोबर. असं करत अठरा जागा आम्ही तिघाचौघांनी मिळून पार केल्या. काही मला सुचल्या, बऱ्याच मला सुचल्या नाहीत. साडू मान वर करत नव्हता, पण मोबाइलचा पडदा केव्हाच काळा झाला होता.

मग काठाशी आलो.

"पलीकडे धक्का नाही," मी म्हणालो. "ती बाई काठावर उभी नव्हती. ती पाण्यात उभी होती, कमरेपर्यंत. एवढी वर्षं. कारण नावाडी उतरणार नाही हे तिला माहीत होतं, म्हणून जेवढं पुढे येता येईल तेवढी ती आली होती."

मी थांबलो, कारण याच्या पुढचं माझ्याकडे नव्हतं.

साडू उठला. खुर्चीत बसला नाही. खिसा चाचपला, एक बटण काढलं आणि होडीच्या समोर, जवळ, ठेवलं. बराच वेळ त्याचं बोट बटणावरच होतं.

"दिवा आता विझायला आलाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. "मग, नावाड्या? तू काय करतोस?"

मेहुणीने डोळे पुसले. माझ्या चौदा फायलींत हे एकदाही झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही पोटात दुखलंच. पण ते बघत बसायला वेळ नव्हता. ती बाई थांबली होती. मी वल्हं आत घेतलं, कप्प्यातलं हिचं कानातलं हिच्या हातात परत दिलं, आणि पाण्यात पाय टाकला.